डाव्या बाजूचा वळसा

त्या सकाळी धुकं इतकं दाट उतरलं होतं, की मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा गोल गेला कुठं असं विचारायची पाळी यावी. खांब दिसत नव्हते, जाळी दिसत नव्हती. नुसती आडवी पांढरी दांडी अधांतरी तरंगत होती. गवत्यानं शेडचं कुलूप काढलं, डबा खुंटीला अडकवला, चपला दाराशी काढल्या आणि नेहमीसारखा अनवाणी मैदानात उतरला.

अनवाणी चालायची सवय त्याच्या बापाची. बाप म्हणजे अण्णा, त्याच्याआधीचे या मैदानाचे माळी. मैदानाची नाडी टाचेला लागते, असं ते म्हणायचे. टाच दाबली की त्यांना कळायचं, इथं पाणी जास्त झालंय, इथं मुळं सुटलीत, इथं उंदरानं खालून पोखरलंय. गवत्या तेव्हा सात-आठ वर्षांचा. ओल्या गवतात उमटलेल्या अण्णांच्या ठशांत आपले पाय ठेवत तो त्यांच्या मागं मागं चालायचा. एका ठशात त्याची दोन पावलं मावायची.

आता ठसे उमटत नव्हते. सहा वर्षांपूर्वी सगळी हिरवळ मुळासकट खरवडून ट्रकात भरली गेली, खालची माती गेली, वर खडी आली, खडीवर प्लॅस्टिकचं गवत आणि गवताच्या पात्यांमधे रबराचे काळे दाणे. कसं का असेना, खेळायला बारा महिने मोकळं, चिखल नाही, पाणी साचत नाही, कापायला नको. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले होते, "तुझी पाठ वाचली, लेका!" गवत्याची पाठ वाचली खरी, पण चालून झाल्यावर मागं वळून बघितलं तर तिथून कुणी माणूस गेलाय याची एकही खूण नसायची. पहिल्या वर्षी चिमण्या यायच्या. टोच मारायच्या, मान तिरकी करून बघायच्या, परत टोच मारायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी नाद सोडला. पावसानंतर वास यायचा तो टायरच्या दुकानासारखा. एवढी हिरवी जागा, आणि किडा नाही, मुंगी नाही, काही नाही.

हिरवळ उचलली त्या दिवशी तो ट्रकमागं धावला होता आणि गोलसमोरचा एक हातभर तुकडा मागून घेतला होता. शेडमागं एक टवका उडालेला जुना आंघोळीचा टब होता, त्यात त्यानं तो लावला. तेव्हापासून त्या तुकड्याचं गवत तो कात्रीनं कापतो. खेळाडूंना हसायला निमित्त मिळालं, आणि 'गवत्या' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव फक्त सही करताना आठवायचं.

धुक्यातून चालत तो डाव्या बाजूला आला. कोपऱ्याच्या झेंड्यापासून वीस-बावीस पावलं आत. तिथं त्याचे पाय आपोआप थबकले. बाकी मैदानावर दव पात्यांतून झिरपून गेलं होतं. इथं मात्र एका गोल जागेत ते वरच्यावर, थेंबाथेंबानं उभं होतं. पलंगाएवढी जागा. धुक्यात ती जरा काळपट दिसत होती, अंगावर जुना मुका मार दिसतो तशी. गवत्यानं पाय पुढं केला, टेकवला, आणि झटकन मागं घेतला. गारठा टाचेतून थेट दाढेपर्यंत गेला.

इथंच.

पहिल्यांदा लंबूचा गुडघा गेला तो इथं. तीन वर्षं झाली. लंबू म्हणजे संघाचा सगळ्यात उंच गडी, बघता बघता मोठ्या संघात जाणार असं जो तो म्हणायचा. चेंडू घेऊन एकटा येत होता, आजूबाजूला कुणी नाही, आत वळला, आणि आवाज आला. गवत्या शेडमधे यंत्राला तेल घालत होता, तिथपर्यंत तो ऐकू आला. सुकी काडी मोडावी तसा. टच्. मग लंबू ओरडला. आधी आवाज, मग ओरडणं. मधे एक क्षण असा गेला की सगळं मैदान श्वास धरून होतं. त्यानंतर पाहुण्या संघातला एक, मग आपलीच दोन पोरं, मग शाळेच्या स्पर्धेतली एक मुलगी, आणि मागच्या महिन्यात परत एक. दरवेळी तोच आवाज. पुढं पुढं गवत्याला तो आधीच ऐकू यायला लागला. कुणी चेंडू घेऊन त्या बाजूला वळलं की त्याच्या कानात टच् व्हायचं, आणि खेळाडू सुखरूप पुढं निघून गेला तरी तो कानातला आवाज तासभर जायचा नाही.

मागच्या महिन्यात त्याला खरा कोणता आणि खोटा कोणता हेच कळलं नव्हतं.

धुकं जरा विरळ झालं तशी फिजिओबाई आली. खेळाडूंच्या हातापायांचं बघणारी ही बाई दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली. चालते झपाझप, बोलते त्याहून झपाझप. काखेत कागदाची गुंडाळी होती.

"काका, बसा जरा."

"बसायला सांगताय म्हणजे काहीतरी वाईट आहे."

"बघा तर." तिनं बाकावर कागद पसरला. मैदानाचा नकाशा, त्यावर तांबडे ठिपके. "गेल्या तीन वर्षांतली सगळी मोठी दुखणी मी यात मांडली. जुन्या नोंदी शोधून काढल्या. हा एक इथं, हे दोन तिथं, हा पलीकडं. हे ठीक आहे. हे प्लॅस्टिकचं टर्फ जुनं झालंय, बुटाचा खिळा अडकतो, घोटा मुरगळतो. जुनं टर्फ बदला म्हणून मी सेक्रेटरींच्या डोक्याशी रोज कटकट करतेच आहे. पण हे काय आहे?"

डाव्या बाजूला सहा ठिपके एकमेकांवर चढून बसले होते. एखाद्यानं एकाच जागी पेन आपटावं तसे.

"सहा गुडघे," बाई म्हणाली. "सहाही जणांना कुणी हात लावला नव्हता. सगळे एकटे वळत होते. काका, तिथं आहे काय?"

गवत्यानं त्या ठिपक्यांवर बोट टेकवलं आणि उचललं.  मग तो म्हणाला, "जागाच तशी आहे ती."

"तशी म्हणजे?"

"अण्णा तिथं चाक नेऊ द्यायचे नाहीत. रोलर नाही, कापायचं यंत्र नाही. तिथं आलं की उचलायचं, वळसा घालायचा, पुढं ठेवायचं. एकदा मी लहानपणी रोलर ओढत तसाच निघालो तर कानाखाली असा जाळ काढला, की..." त्यानं अजूनही गाल चोळला.

"का पण?"

"बापाला का विचारायची रीत नव्हती आमच्याकडं."

बाई हसली नाही. तिनं कागद गुंडाळला आणि एवढंच म्हणाली, "रविवारी तुमची भिंगरी खेळतेय ना?"

तेच तर. भिंगरी म्हणजे गवत्याची एकुलती एक लेक. एकोणीस वर्षांची, अंगानं काडी, पण एका पायावर अशी गर्रकन फिरायची की समोरचा बचाव करणारा भलत्याच दिशेला धावत सुटायचा. म्हणून ते नाव. रविवारी मोठ्या संघाचे निवड करणारे बघायला येणार होते. खेळायची ती डाव्या बाजूला. आणि तिची सगळी करामत ती एकच होती: डाव्या बाजूनं यायचं, त्या कोपऱ्याच्या अलीकडं, वीस-बावीस पावलं आत, आणि उजव्या पायावर फिरायचं.

संध्याकाळी घरी गवत्या जेवताना नुसता पानात बघत होता. त्याची बायको शिवणकाम करायची. भिंगरीच्या खेळाच्या शर्टाला दुमड घालत होती, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या तरी ती बोलायची थांबत नसे.

"काय झालंय? पानात बघून बघून भोक पडेल."

"रविवारी डाव्या बाजूला खेळू नको," तो लेकीला म्हणाला.

भिंगरीनं घास खाली ठेवला. "मग? गोलात उभी राहू? की लंबूदादाशेजारी बसून आकडे बदलू?" लंबू आता क्लबात गुणफलक सांभाळायचा.

"चेष्टा नको. ती जागा बरी नाही. अण्णा सुद्धा तिथं..."

"बाबा, अण्णांची जागा ट्रकात बसून केव्हाच गेली. माती गेली, गवत गेलं. आता काय भूत प्लॅस्टिकमधून वर येतंय?"

"आणि भुताला तरी काय अक्कल," बायको टाचण्यांमधून म्हणाली. "एवढं जग सोडून बाईनं फुटबॉलच्या मैदानात कशाला राहावं?"

"बाई कशावरून?" भिंगरी म्हणाली.

"गुडघे धरते म्हणजे बाईच. सासू असणार."

दोघी हसल्या. गवत्या हसला नाही. तशी भिंगरीचंही हसू ओसरलं. ती जरा पुढं सरकली.

"मी बघितलंय बाबा. मागच्या महिन्यात तो गुडघा गेला तेव्हा मी चार हातांवर होते. आवाज मलाही आला होता. भीती मला वाटत नाही असं नाही." तिनं ताटाच्या कडेवर बोट फिरवलं. "पण रविवारी मी वळले नाही, तर मी कोण? चेंडू घेऊन सरळ धावणाऱ्या पोरी गावभर आहेत. ते लोक मला बघायला येतायत ते त्या एका वळण्यासाठी."

 गवत्याच्या कानात टच् झालं. ताटातला चमचा वाजला असेल, असं त्यानं मनाला समजावलं.

शुक्रवारी सकाळी बाई त्याच्याआधी येऊन बसली होती, प्रेक्षकांच्या बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत, शालीत गुरफटून, हातात मोबाईल.

"काय करताय वर?"

"बघतेय. तुम्ही तुमचं काम करा, मी नाहीच असं समजा."

गवत्यानं छोटा ट्रॅक्टर काढला. मागं रुंद ब्रश, उजव्या हाताशी तो ब्रश वरखाली करायचा दांडा. प्लॅस्टिकच्या गवताला कापायला लागत नसलं तरी रोज विंचरायला लागतं. ब्रश फिरला की आडवी पडलेली पाती उभी राहतात, दाबलेले रबराचे दाणे सुटे होतात. टर्फ टाकणाऱ्या कंपनीचा माणूस एका दुपारी सगळं शिकवून गेला होता: सावकाश, सरळ, आणि काही म्हणजे काही सोडायचं नाही. गवत्यानं तो शब्द कधी मोडला नव्हता. सहा वर्षं, रोज. त्याच्या पट्ट्या बघून कोच म्हणायचा, अरे भांग पाडलाय की काय मैदानाला!

तासाभरानं तो उतरला तेव्हा बाई खाली येऊन उभी होती.

"काका, सगळं मैदान घासता ना तुम्ही?"

"इंच न् इंच."

"मग हे बघा."

मोबाईलच्या काचेत मैदान दिसत होतं, वरून, सगळं एकदम. धुक्याचा पातळ पडदा आणि त्यात एक बारकासा ट्रॅक्टर, त्यावर वाकून बसलेला माणूस. एक पट्टी फिकी, एक गडद. सरळ गेला, वळला, सरळ आला. मग डावी बाजू आली. ट्रॅक्टरवरच्या माणसानं इकडं तिकडं न बघता उजवा हात दांड्यावर नेला. ब्रश उचलला गेला. ट्रॅक्टर जरासा बाजूला झाला, एक छोटा वळसा घातला, परत ओळीत आला, आणि ब्रश खाली टेकला. पुढच्या पट्टीला उलट्या बाजूनं परत तेच. परत तेच. तीन वेळा. सगळं काम संपलं तेव्हा पट्ट्यापट्ट्यांच्या मैदानात डाव्या बाजूला एक गोल डोळा राहिला होता, उघडा, वर बघणारा.

"हा मी नाही," गवत्या म्हणाला.

"काका, आत्ता केलंत. माझ्यासमोर."

"मी सरळ गेलो. मला आठवतंय ना, मी सरळ गेलो." आणि त्याला खरंच तसंच आठवत होतं. सरळ पट्टी, झेंडा, वळण, सरळ पट्टी. दांडा उचलल्याची आठवण हाताला नाही, डोक्याला नाही, कुठंच नाही.

त्यानं परत लावायला सांगितलं. या खेपेला त्याची नजर त्या माणसाच्या पाठीवर गेली. डावा खांदा उतरलेला. मान पुढं, जरा उजवीकडं. दांडा उचलताना कोपर बाहेर फेकायची ती लकब.  ती पाठ गवत्या ओळखत होता. ती पाठ बघत तो लहानाचा मोठा झाला होता. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि ते आज सकाळी फिजिओबाईच्या मोबाईलमधे उतरले होते.

बाईनं त्याला दंडाला धरून त्या जागेवर नेलं. खिशातलं पेन काढलं. शेजारच्या पट्टीत दाबलं तर ते दाण्यांत अर्धं बुडालं. त्या गोलात दाबलं तर टोक मोडलं.

"सहा वर्षांत एकदाही ब्रश लागला नाही इथं," ती हळूच म्हणाली. "दाणे दबून दबून दगड झालेत. इथं बुटाचा खिळा जोरानं घुसतो तेवढाच, आणि घुसला की फिरत नाही. पाय राहतो खाली. अंग फिरतं वर. मधे गुडघा असतो."

गवत्या खाली बसून त्या दाण्यांवर तळहात फिरवू लागला. बसल्या बसल्या त्याला आठवलं, आणि इतकं साधं काहीतरी आपण विसरलो कसे हे कळेना. हिरवळ खरवडली त्या दिवशी इथंच कामगारांना पाण्याचा निचरा करणारी एक जुनी मातीची नळी सापडली होती. बाकी सगळीकडं ती खोल होती, इथं मात्र दोन बोटं मातीखाली, अगदी वर आलेली. वरून रोलर गेला असता तर फुटली असती आणि सगळ्या मैदानाचं पाणी तिथं साचलं असतं. अण्णांच्या थपडेमागं भूत नव्हतं, नळी होती. गवत्यानं तेव्हा ती बघितली होती, असं होय, म्हणाला होता, आणि नळीचे तुकडे त्याच्या डोळ्यांदेखत ट्रकात पडले होते. डोक्याला कळलं होतं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सहा जणं," तो म्हणाला.

"काका, सगळं तुमच्यावर नाही. टर्फ जुनं आहे, बाकीच्या जागाही..."

"बाकीच्या जागांचे ठिपके कागदावर वेगवेगळे आहेत, बाई. माझे सहा एकावर एक आहेत."

शनिवारी मैदान रिकामं होतं. गवत्यानं ट्रॅक्टर काढला, थेट डाव्या बाजूला नेला, आणि ब्रश टेकवून सरळ त्या गोलावर घातला. निदान घालायचा होता. गोल तीन हातांवर आला तसा त्याचा उजवा हात दांड्यावर गेला आणि ब्रश उचलला. या वेळी तो जागा होता, स्वतःच्या हाताकडं बघत होता, आणि तरी हातानं उचलला. त्यानं शिवी हासडली, मागं घेतला, परत आला. परत उचलला. तिसऱ्या वेळी त्यानं दांडा सुतळीनं खाली बांधून टाकला आणि उजवा हात मांडीखाली घेऊन बसला. ट्रॅक्टर पुढं निघाला, बरा निघाला, आणि गोलाच्या कडेला डाव्या हातानं चाकच वळवलं.

"बरं," गवत्या मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "नाही नेत चाक. झालं?"

तो उतरला. शेडमधून दाताळं आणलं, अण्णांच्या वेळचं, लाकडी दांड्याचं. आणि गुडघ्यांवर बसून त्या गोलाची एक कड खरवडायला लागला. दाणे ढेपा होऊन निघत होते. ढेप हातात चुरायची, चाळायची, परत पसरायची, पाती बोटांनी उभी करायची. विताएवढी जागा व्हायला अर्धा तास. दुपार झाली, उन्हानं बाकी मैदान तव्यासारखं तापलं. गोल मात्र गारच. जरा खोल गेल्यावर दाणे ओले लागले. पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. गवत्यानं बोटं नाकाशी नेली. टायरचा वास नव्हता. मातीचा होता.

तो बराच वेळ तशीच बोटं नाकाशी धरून बसला. मग कामाला लागला.

तिसऱ्या प्रहरी लंबू आला, फलकाचे आकडे पुसायला. एक पाय जरा फेकत चालायचा. गवत्याला गुडघ्यांवर बघून तो जवळ आला आणि दुखरा पाय लांब करून कसाबसा शेजारी बसला.

"काय हरवलंय, गवत्याकाका?"

गवत्यानं सगळं सांगितलं. नळी, थप्पड, मोबाईल, हात. दाताळं थांबवलं नाही, वर बघितलं नाही. "तुझा पाय माझ्यामुळं गेला," शेवटी म्हणाला.

 लंबूनं एक ढेप उचलली, तळहातावर फोडली, दाणे वाऱ्यावर सोडले.

"तीन वर्षं मी रोज रात्री तेच वळण वळतो," तो म्हणाला. "मला वाटायचं माझंच चुकलं. पाय तिरका टाकला, आधी बघायला हवं होतं, असं काहीबाही. आरशासमोर उभा राहून पाय टाकून बघायचो, कुठं चुकला म्हणून." त्यानं तळहात झटकला. "म्हणजे नव्हता चुकला."

"नाही रे. बरोबर टाकला होतास."

"मग तुमच्यावर चिडायचं की तुमचे पाय धरायचे, काका? मला काही सुचत नाही." आणि मग, उठायची धडपड करत, "पाय धरायला वाकता येत नाही म्हणून वाचलात."

पाच पावलं गेल्यावर तो वळला नाही, पण थांबून म्हणाला, "तो डावीकडचा तुकडा राहिलाय अजून. हातभर. तिथंच माझा पाय होता."

दिवेलागणीला काम संपलं. गवत्याचे गुडघे सोलवटले होते.

रविवारी निवड करणारे तिघं आले, टोप्या घालून, हातात वह्या घेऊन. पहिल्या अर्ध्या खेळात भिंगरी पलीकडच्या टोकाला होती. गवत्या त्या वेळात श्वास घेऊ शकला. विश्रांतीनंतर बाजू बदलल्या. आता तिची डावी बाजू म्हणजे ती डावी बाजू. गवत्या फलकामागं लंबूजवळ जाऊन उभा राहिला. बाकांवर त्याची बायको बसली होती. आज तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, आणि ती एक शब्द बोलत नव्हती.

दहा मिनिटं गेली. मग चेंडू भिंगरीकडं आला. रेषेच्या कडेकडेनं ती निघाली, एकीला मागं टाकलं, दुसरी अंगावर आली. कोपऱ्याच्या झेंड्यापासून वीस-बावीस पावलं. तिनं उजवा पाय रोवला. गवत्याच्या कानात टच् झालं, स्वच्छ, मोठ्यानं, आणि त्यानं डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांआड तो पुढच्या ओरडण्याची वाट बघत राहिला. तोच तो क्षण, सगळं मैदान श्वास धरून. त्याऐवजी आवाज आला तो खर्रर्र असा, रेतीवरून फावडं ओढल्यासारखा. त्यानं डोळे उघडले. काळे दाणे कारंज्यासारखे उडाले होते आणि भिंगरी कुशीवर सपाट पडली होती. पाय तिच्याबरोबरच घसरत गेला होता, खाली राहिला नव्हता. ती उठली. अंग झटकलं. चेंडू केव्हाच रेषेबाहेर गेला होता. तिनं कमरेवर हात ठेवून फलकाकडं, थेट बापाकडं अशी जळजळीत नजर टाकली की लंबू फस्सकन हसला.

"काका, तुमचं आज घरी काही खरं नाही."

नंतर ती तिथंच आणखी दोनदा वळली, जरा सांभाळून, पाय हलका टाकत. दुसऱ्या वेळी समोरची बचाव करणारी चुकीच्या दिशेला धावली. टोपीवाल्यांनी वहीत काय लिहिलं ते त्यांनाच माहीत. महिनाभरात कळवू म्हणाले. घरी भिंगरीनं बूट उलटे करून अंगणात आपटले तर मूठभर दाणे निघाले.

"नांगरट करून ठेवलीत नुसती," ती म्हणाली. "गोल होता तो, बाबा! सरळ गोल होता."

"पुढच्या वेळी जरा कमी खणेन," गवत्या म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

त्याआधी, खेळ संपल्यावर, सगळे गेल्यावर, त्यानं तो गोल दाताळ्यानं परत सारखा करून ठेवला होता. सपाट, पाटीवर हात फिरवावा तसा. दाताळं तिथंच रेषेबाहेर ठेवून तो घरी आला होता.

सोमवारी परत धुकं. गवत्यानं कुलूप काढलं, डबा अडकवला, चपला काढल्या. डाव्या बाजूला पोचला तेव्हा काल सपाट केलेल्या काळ्या दाण्यांत मधोमध एक पाऊल उमटलेलं होतं. अनवाणी. टाच खोल गेलेली, पंजा जरा बाहेर वळलेला. एकच. येण्याचं नाही, जाण्याचं नाही. बाकी मैदानावर ठसा उमटत नाही हे त्याला ठाऊक होतं. क्लबात अनवाणी चालणारं दुसरं कुणी नव्हतं. काल जाता जाता आपणच टाच दाबून बघितली असेल, त्यानं विचार केला. आपल्याला आठवत नाही एवढंच. आठवत तर बरंच काही नसतं.

त्यानं आजूबाजूला बघितलं. धुक्यात पांढरी दांडी तरंगत होती. मग त्यानं आपला पाय उचलला आणि हळूच त्या ठशात ठेवला. बरोबर बसला. कुठं तसूभर जागा उरली नाही.

थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. जागा आज तेवढी गार लागली नाही. मग त्यानं पाय काढला, रेषेबाहेरचं दाताळं उचललं, ठसा पुसला, दाणे कडेकडेनं सुटे केले, पाती उभी केली. हे आता रोजचंच होतं. चाकाचं काम चाकानं, इथलं हातानं. झाल्यावर दाताळं झाडून खांद्यावर टाकलं आणि ट्रॅक्टर काढायला तो शेडकडं चालू लागला. बाकीचं सगळं मैदान विंचरायचं राहिलं होतं.